चार वाजताची घरघर

सेनगाव,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. गं. भा. अक्कास,
अनिरुद्धचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र पोचलं. तिळगूळही पोचला, पण वाटेत पोस्टानं आपला हिस्सा काढून घेतला असावा, कारण पुडी अर्धीच होती. सेनगावहून हट्ट्याला जीपनं अडीच तास लागतात आणि पत्राला सहा दिवस, तरी तुला पत्रच हवं. अद्वैतनं पुण्याहून आणलेलं कानातलं यंत्र तू म्हणे देव्हाऱ्यातल्या डबीत घालून ठेवलं आहेस. देवाला कमी ऐकू येतं असं तुला कोणी सांगितलं?

लिहायला कारण अद्वैतच आहे. त्याचा परवा फोन आला होता. भाऊजींची लाल गाडी, जी गेली अठ्ठावीस वर्षं माझ्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे, ती त्याला पुन्हा चालती करायची आहे. पोरगं तुझंच, गाडी त्याच्या वडिलांची, मी नाही कसं म्हणू? त्यानं कुठल्या तरी जुन्या गाड्यांच्या जाणकाराला फोटो दाखवले. तो म्हणाला, त्रेसष्ट सालची दोन सीटांची विलायती गाडी आहे, रूप अजून शाबूत आहे, फक्त मागाहून बसवलेला एसी आधी काढून टाका. त्या गाडीला तो मूळचा नव्हताच. छोटं इंजिन, त्यावर एसीचं ओझं, त्यामुळे ती तापत होती. आठवतं ना, हैदराबादच्या जहागीरदाराकडून भाऊजींनी ती आणली तेव्हा तिला कापडी टप होता. कापड फाटलं म्हणून हिंगोलीत पत्र्याचा टप करून घेतला, पत्र्यानं भट्टी झाली म्हणून एसी बसवला. एकातून एक.

इथं मुन्ना म्हणून एक मिस्त्री आहे, हात चांगला आहे. तो मार्चमध्ये मोकळा होतो. पण तुझ्या होकाराशिवाय ताडपत्रीला हात लावणार नाही, असं मी अद्वैतला सांगितलं आहे. तो एसी बसवताना मीही होतो, आता काढतानाही मीच असेन, म्हणजे वस्तू घरातच राहिली म्हणायची.

घरी नर्मदा बरी आहे, गुडघे सोडून. तूर निघाली, हरभरा उभा आहे. उत्तर लवकर पाठव, रागावलीस तरी पाठव.

माया आजवर केलीस तशीच पुढेही असू दे.
तुझा,
अनिरुद्ध


हट्टा,
दि. २५ फेब्रुवारी २०२५

चि. अनिरुद्ध यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. आधी एक सांगते. माझ्या नावामागे गं. भा. लिहिणं बंद कर. अठ्ठावीस वर्षं झाली, पोस्टमनला दर वेळी नव्यानं आठवण करून द्यायची गरज नाही.

अद्वैतनं मला काही विचारलं नाही, आणि मला राग आला. मग वाटलं, विचारणार तरी कसा? त्याचे वडील गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. तेव्हापासून मी त्याला त्या गाडीबद्दल एक अक्षर बोलू दिलं नाही. त्याच्याकडे वडिलांचं काय आहे? एक काळा कोट आणि ती गाडी. हिंगोलीच्या कोर्टात त्यांना ओळखणारेही आता थोडेच राहिले.

तुला एक गोष्ट सांगते, हसू नकोस आणि नर्मदेला वाचून दाखवू नकोस. मला पारूबाईची भांडी ऐकू येत नाहीत. देवळातली घंटा येत नाही. पण दुपारी चारच्या सुमाराला ती घरघर येते. त्या एसीची. आधी टक् असा आवाज, मग घरघर. वैशाखात रोज, एरवी आठवड्यातून दोनदा तीनदा. नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, बहिऱ्या कानाला असे आवाज होतात. मी बरं म्हणाले. पण बहिऱ्या कानाला घड्याळ कसं कळतं, हे काही मी त्यांना विचारलं नाही.

तेव्हा काढा तो एसी. मुळापासून काढा. निघाल्यावर तरी घरघर थांबते का बघू. माझी एकच अट आहे. त्यातून जे जे निघेल ते मला लिहून कळव. कागद, चिंधी, धूळ, काहीही. एकही गोष्ट गाळायची नाही आणि मला विचारल्याशिवाय फेकायची नाही. तू एसटीच्या आगारात तीस वर्षं भांडार सांभाळलंस, यादी करणं तुला जड नाही.

नर्मदेला म्हणावं, गुडघ्याला एरंडाचं पान बांध आणि जिना चढणं सोड. पारूबाई विचारते की सेनगावचे मामा कवा येऊन राहिले. मी तिला सांगितलं, त्याला पत्र लिहायला वेळ मिळतो, यायला मिळत नाही.

सुखी राहा, आणि पंगतीत बसल्यासारखं घाईनं पत्र लिहीत जाऊ नकोस.
तुझी,
अक्का


सेनगाव,
दि. १२ मार्च २०२५

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

गं. भा. गाळलं आहे, बघून घे.

रविवारी ताडपत्री काढली. वाटलं होतं, उंदरांनी आणि गंजानं काही ठेवलं नसेल. पण लाल रंग पुसल्यावर तसाच वर आला. मुन्नानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, काका, अशी चीज तुमी झाकून ठेवली काहून? मी त्याला भाऊजींबद्दल काही सांगितलं नाही. मेहुण्याची गाडी आहे, ते आता नाहीत, एवढंच. पोरगं कामाला घाबरायला नको.

आता अट पाळतो. झालं तसं सांगतो. मुन्नानं नवी बॅटरी जोडली, फक्त दिवे लागतात का बघायला. चावी माझ्या हातात होती, एकाही बटणाला कोणी हात लावला नव्हता. आणि डॅशबोर्डखालच्या एसीच्या पेटीतला पंखा फिरायला लागला. आधी टक् झालं, मग घरघर. तू लिहिलंस तेच, त्याच क्रमानं. जाळीतून अठ्ठावीस वर्षांची धूळ माझ्या तोंडावर आली आणि तिच्यामागून हिन्याच्या अत्तराचा वास. अक्का, मी चावी पुन्हा बघितली, ती माझ्या हातातच होती. मुन्ना म्हणाला, जुनी वायर आहे, कुठंतरी चिकटली असेल. त्यानं बॅटरी काढली तेव्हा तो थांबला. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

वासाचं कारण नंतर सापडलं. भाऊजी कानात अत्तराचा फाया ठेवायचे, ती हैदराबादची सवय. तसाच एक फाया त्यांनी जाळीच्या फटीत खोचून ठेवला होता. काळा पडलाय, पण नाकाशी धरला की अजून ते शेजारी बसल्यासारखं वाटतं. मी तो काचेच्या बाटलीत घालून ठेवला आहे.

यादी अशी. फाया एक. सुपारीची खांडं चार. कंगव्याचा तुकडा. कुठल्याशा लग्नातल्या अक्षता, सीटच्या फटीत. आजवर इंजिनाकडची कामं झाली: पट्टा काढला, पंप उतरवला, तोंडापुढची जाळी सोडवली. गॅस कधीच उडून गेला होता. पंप एवढा जड की आम्ही दोघांनी उचलला. पेटी राहिली आहे, ती येत्या रविवारी. तिच्या नळ्या इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यातून गेल्या आहेत, म्हणून आतूनच सोडवाव्या लागतील.

मुन्ना आता भाऊजींच्या सीटवर बसत नाही. फळकूट टाकून त्यावर गुडघे टेकून काम करतो. का, ते मी विचारलं नाही.

लहान भावावर छत्र धरून असतेस तशी अस.
तुझा,
अनिरुद्ध


सेनगाव,
दि. २० मार्च २०२५

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे ऊन आत्ताच कडक झालंय. दुपारी बाजारात कुत्रंही दिसत नाही. हरभरा काढून झाला, उतारा बरा आहे. नर्मदेनं एरंडाचं पान बांधलं, थोडा उतार पडला म्हणते. आंब्याला यंदा मोहर कमी आहे.

पेटी निघाली. विशेष काही सापडलं नाही. ओझं गेल्यानं गाडीचं नाक दोन बोटं वर आलं आहे.

मला वाटतं, अद्वैतला सांगावं की पुढं काही करू नको. गाडी जुनी झाली, रस्त्यावर आणण्यात अर्थ नाही. तू सांगितलंस तर तो ऐकेल. हवं तर कोणा हौशी माणसाला देऊन टाकू.

प्रकृतीस जप.
तुझा,
अनिरुद्ध


हट्टा,
दि. २९ मार्च २०२५

चि. अनिरुद्ध यास आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं पत्र मी चार वेळा वाचलं. लहानपणी तू खोटं बोलायला लागलास की आधी हवापाणी सांगायचास. नानांच्या पंचांगावर शाई सांडली होतीस तेव्हा तू मला गल्लीतल्या गाईला वासरू झाल्याचं सांगितलं होतंस. आता हरभरा, मोहर आणि ऊन. अनिरुद्ध, पेटीतून काय निघालं?

तू सांगत नाहीस तर मीच सांगते. चिठ्ठी निघाली ना? त्यांच्या हातची?

तुला धक्का बसेल. पण हे मी कोणाजवळ बोलले नाही, अद्वैतजवळ नाही, देवाजवळही धड नाही. आता त्र्याहत्तरावं चालू आहे. बरोबर घेऊन जायचं नाही.

साखऱ्याची ती मुंज तुझ्या सासुरवाडची, तेव्हा तुला सगळं आठवत असेल. तो वैशाखातला रविवार. आम्ही सकाळी तुझ्याकडे सेनगावला चहा घेतला आणि पुढं निघालो. सगळे जीपनं जात होते, ह्यांनी गाडीचाच हेका धरला. वाटभर धूळ. माझं नवं लुगडं मातीचं झालं. मांडवाशी पोचलो, मंगलाष्टकं सुरू झाली, तरी हे फडकं घेऊन गाडी पुसत उभे. मी चार बायकांच्या देखत म्हणाले, बसा त्या गार पेटीत, आणि संध्याकाळपर्यंत मला तोंड दाखवू नका. ते हसले. मांडवाशेजारी राहणाऱ्या आशाबाईच्या दारच्या लिंबाखाली गाडी लावली, काचा वर केल्या, एसी लावला.

पानं वाढायच्या वेळी मी आशाबाईला बघायला पाठवलं. ती काचेतून बघून आली आणि म्हणाली, पावणे झोपून राहिले, गाल कसे लाल लाल हायेत, उठवू काहून? मी म्हणाले, झोपू दे. मुद्दाम म्हणाले. चार वाजता मी स्वतः गेले. इंजिन चालू होतं, एसी चालू होता, आणि ते थंडगार होते. इतके देखणे ते लग्नातही दिसले नव्हते.

डॉक्टरांनी हृदय असं लिहिलं. त्यांच्या वडिलांचंही तसंच झालं होतं, म्हणून सगळ्यांना पटलं. मला पटलं नाही, कारण सदऱ्याच्या खिशात झोपेच्या गोळ्यांची पट्टी होती. रिकामी. दहाच्या दहा घरं फुटलेली. मी ती कोणाला दिसायच्या आत कमरेला खोचली आणि घरी येऊन चुलीत टाकली. त्यांनी मी सांगितलं तेच केलं, अनिरुद्ध. मला तोंड दाखवलं नाही.

बायकोच्या बोलण्यानं जीव दिला असं लोक कुजबुजले, तू ऐकलंच असशील. ते खरं बोलत होते, एवढं मला एकटीला माहीत होतं. रोज चारला जी घरघर येते, ती मला ते पुन्हा पुन्हा सांगते.

तेव्हा चिठ्ठीत माझ्याबद्दल काहीही लिहिलं असो, मला पाठव. माझी दया करू नकोस. दया मला सोसणार नाही.

तुझी,
अक्का


सेनगाव,
दि. ६ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

चिठ्ठी नाही. आधी तेवढं वाच आणि मग श्वास घेऊन पुढं वाच. चिठ्ठी नव्हती आणि त्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत.

त्या सकाळी भाऊजी माझ्याकडे चहाला आले तेव्हा तू आत नर्मदेकडे होतीस. ओट्यावर त्यांनी खिशातून ती पट्टी काढून मला दाखवली. रिकामीच होती. म्हणाले, शुक्रवारीच संपल्या, दोन रात्री डोळा नाही, तुमच्या सेनगावात मेडिकल उघडं असेल का? मी म्हणालो, रविवार आहे, संध्याकाळी उघडेल, येताना घ्या. मग त्यांनी ती पुन्हा खिशात घातली, दुकानदाराला दाखवायला. आपण सगळेच तसं करतो, अक्का. गोळीचं नाव कोणाला लक्षात राहतं? संपलेली पट्टी खिशात घालून जायचं आणि तीच पुढं करायची. तू कशी विसरलीस? आणि ती पट्टी तुला त्यांच्या खिशात सापडली हे मला तेव्हा कळलं असतं, तर मी त्याच दिवशी तुला हे सांगितलं असतं. दोन रात्री झोप नसलेला माणूस गारव्यात बसल्यावर लगेच झोपणार, एवढंच झालं. ते तुझ्यावर रागावलेही नसणार. तूच लिहितेस की हसले.

आता दुसरं. हे लिहायला मला तीन आठवडे लागले.

पेटी सोडवल्यावर तिच्यामागच्या पत्र्यात, नळ्यांच्या भोवती, एक भोक दिसलं. पेरूएवढं. ते मी पाडलं आहे. शहाण्णव सालच्या अक्षय तृतीयेला एसी बसवला तेव्हा मिस्त्रीच्या हाताखाली मीच होतो. पत्र्याच्या भोकाला रबराचं कडं बसवावं लागतं, म्हणजे इंजिनाकडची हवा आत येत नाही. ते कडं नांदेडहून संध्याकाळच्या एसटीनं यायचं होतं. पण नानांनी पंचांग काढलं, दहा चाळीसच्या आत एसी सुरू झालाच पाहिजे म्हणाले, आणि घरात नानांच्या मुहूर्तापुढं कोणाचं चालत होतं? मी पोत्यातला कापूस घेतला, माझ्या जुन्या धोतराची लाल काठाची पट्टी त्याला गुंडाळली, वंगणात बुडवून भोकात ठासली. एक दिवसापुरती. मुहूर्त गाठला, तू नारळ फोडलास.

कडं त्याच संध्याकाळी आलं. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. भाऊजी पुढच्या वेळी आले की बसवू म्हटलं. ते त्या वर्षात सात-आठ वेळा आले असतील. दर वेळी चहा, गप्पा, आणि पुढच्या वेळी. मी भांडारातला माणूस, अक्का. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना असली कडी मोजून दिली.

पेटीत उंदराचं जुनं घरटं निघालं. त्यात तो कापूस होता आणि लाल काठाची माझी पट्टी. उंदरांनी ती ओढून नेली होती. भोक सताड उघडं होतं. आणि खाली, इंजिनातून धूर बाहेर नेणारी जी बिडाची नळी असते, तिला बोटभर तडा आहे. तडा आतून काळा आहे, म्हणजे जुना. मुन्नाला काहीच माहीत नव्हतं. तो हसत म्हणाला, काका, ज्यानं हे भोक असं सोडलं त्यानं आत बसणाऱ्याला मारायचं तेवढं बाकी ठेवलं. उभी गाडी, बंद काचा आणि एसी चालू असेल, तर पेटीतला पंखा तो धूर सरळ आत ओढतो. वास येत न्हाई, तकलीफ होत न्हाई, माणूस झोपतो, गाल लाल होतात, बास. मी त्याला म्हणालो, आज एवढंच पुरे, घरी जा. मग ओट्यावर बसून राहिलो. नर्मदेनं दिवा लावला तेव्हा उठलो.

डॉक्टरी पुरावा माझ्याकडे नाही. पण तुझं पत्र येईपर्यंत मला आशाबाईचं बोलणं माहीत नव्हतं. लाल गाल वाचल्यावर मला आणखी पुराव्याची गरज राहिली नाही.

मी तुला आधी लिहिलं नाही, कारण मला वाटलं, अक्का सुखात नसली तरी शांत आहे, तिला कशाला हे. ते खोटं होतं. मला भीती वाटली की तू माझं नाव टाकशील. तू तिकडे काय घेऊन जगत होतीस ते मला ठाऊक असतं तर मी त्याच रात्री निघून आलो असतो.

ते कडं अजून खणात होतं. या पत्राबरोबर पाठवत आहे. कडक झालंय, जपून हाताळ.

लोभ असू दे, असं आज मला लिहिता येत नाही.
अनिरुद्ध


सेनगाव,
दि. १९ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं का? पोस्टमनला दोनदा विचारलं. पारूबाईच्या मुलाला फोन केला, तो म्हणाला, आजी ठीक हायेत, पण बोलून न्हाई राहिल्या.

पंप पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवला आहे. त्याला पट्टा नाही, वायर नाही, गॅस नाही. गेले दहा दिवस दुपारी चारला तो मला ऐकू येतो. नर्मदेला येत नाही. मी तिला विचारणं सोडलं.

शिव्या दे, पण लिही.
अनिरुद्ध


हट्टा,
दि. २५ एप्रिल २०२५

चि. अनिरुद्ध यास आशीर्वाद.

दोन्ही पत्रं पावली. कडंही पावलं. बांगडीएवढं आहे. एवढीशी वस्तू.

पहिले चार दिवस मी तुला मनातल्या मनात नको ते बोलले. पारूबाईला सांगितलं होतं की सेनगावचं दुसरं पत्र आलं तर चुलीत घाल. तिनं घातलं नाही. ती माझं सगळं ऐकते, हे एक ऐकलं नाही.

मग पाचव्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून देवासमोर बसले आणि मला पट्टी आठवली. पाठचा कागद चुरगळलेला होता, कडा झिजलेल्या होत्या. दोन दिवस खिशात फिरलेली पट्टी. मी ती त्या दिवशी नीट बघितली असती तर मलाच कळलं असतं. पण मला आपलं पाप दिसत होतं, तिथं पट्टी कोण बघतो? अनिरुद्ध, ते माझ्यावर रुसून गेले नाहीत. त्यांना झोप लागली. हे वाक्य मी दिवसातून कितीदा म्हणते याचा हिशेब नाही. अद्वैतला मी सगळं सांगितलं, यंत्र कानाला लावून, फोनवर. तो बराच वेळ रडत होता, आणि मला ते ऐकू आलं.

यंत्र घालायचं कारण सांगते. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ती घरघर बंद झाली आहे. सुटले असं वाटायला हवं होतं. पण चार वाजले की मी ओसरीवर येऊन बसते आणि काही येत नाही. इतकी वर्षं तो आवाज मला छळायला येतो असं समजत होते, आणि तो गेल्यावर कळलं की तेवढीच त्यांची सोबत होती. आता ते खरंच गेले. म्हणून मी डबीतलं यंत्र काढून कानात घातलं. डबी रिकामी झाली, तिच्यात तुझं कडं ठेवलं आहे. ते परत मागू नकोस.

तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. ते कागदावर लिहायला फार सोपं आहे आणि मी सोपं लिहिणारी बाई नाही. मला तुझा राग आहे. तू त्यांना सात-आठ वेळा चहा पाजलास आणि खण एकदा उघडला नाहीस. पण मी अठ्ठावीस वर्षं एकटीनं काय ओढलं ते मला माहीत आहे, आणि ते तू दहा दिवस ऐकलंस तेवढ्यात तुझं अक्षर कापायला लागलं आहे. तू अडुसष्टचा आहेस. हे ओढायला तुला माझ्याएवढी वर्षं मिळायची नाहीत, आणि मिळावीत अशी माझी इच्छाही नाही.

तेव्हा ऐक. तो पंप भंगारवाल्याला देऊन टाक. फाया मला हवा. मुन्नाकडून त्या भोकावर पत्रा जोडून घे आणि ती फुटकी नळी बदल, तू स्वतः उभा राहून. पत्र्याचा टप काढ, तो परत चढवायचा नाही, ऊन लागलं तर लागू दे. पाच दिवसांनी अक्षय तृतीया आहे, पण त्या दिवशी ये असं मी म्हणणार नाही. मुहूर्तानं आपलं एकदा पुरेसं केलं आहे. गाडी तयार झाली की निघ, पंचांग उघडू नकोस.

मला घे आणि साखऱ्याला ने. आशाबाई अजून आहे, डोळे गेलेत म्हणतात. मला तिला सांगायचं आहे की उठवलं नाहीस यात तुझं काही चुकलं नव्हतं. मी तेव्हापासून त्या बाईला ओळख दाखवली नाही. मग त्या लिंबाखाली थोडा वेळ बसू. तू मला तो सगळा दिवस तुझ्या तोंडानं सांग, ओट्यावरच्या चहापासून. मला आता ऐकू येतं.

त्या दिवशी मी ह्यांना म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नका. तुला उलटं सांगते. निघशील त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत पोच. मला तुझं तोंड बघायचं आहे.

लोभ होता तेवढा आहे. वाढवायचा की कसं, ते तुला समोर बसवून ठरवीन.

तुझी,
अक्का